पोहण्यासाठी तळ्याचे पाणी केव्हा चांगले?

वाचकांचे प्रश्न

मे महिन्याची सुट्टी जवळ येऊ लागली, की गावच्या तळ्यात मुलांना पोहायला शिकवण्याविषयीची पत्रे या सदराकडे येऊ लागतात. यंदा ती नेहमीपेक्षा अधिक आली आणि त्यांतली काही इतक्या बारकाईने लिहिलेली आहेत, की या अंकातील संपूर्ण सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

डिचोली तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक लिहितात :

आमच्या गावचे तळे लहान आहे. बांधाजवळ दोन पुरुष खोल, बाकी ठिकाणी छातीपर्यंत पाणी असते. गेले वर्षभर मी महिन्यातून दोनदा तापमापक घेऊन पाण्याचे तापमान नोंदवले. जानेवारीत सकाळी सात वाजता ते २४ अंश होते. मे महिन्यात दुपारी तीन वाजता काठाजवळ ३४ अंश भरले, मात्र त्याच वेळी बांधाकडच्या खोल पाण्यात पाय सोडले असता पायांना चांगलेच गार लागत होते. जुलैत सकाळी आणि दुपारी जवळजवळ सारखेच, २६ ते २७ अंश. मला नातीला पोहायला शिकवायचे आहे. सुट्टी मे महिन्यात असते आणि पाणीही तेव्हाच उबदार असते, म्हणून मे महिनाच योग्य, असे घरच्यांचे म्हणणे आहे. आपले मत काय?

उत्तर : आपल्या नोंदी वाचून फार आनंद झाला. एकाच तळ्याकडे वर्षभर, ठरलेल्या वेळी तापमापक घेऊन जाणारा माणूस त्या तळ्याविषयी जे सांगू शकतो, ते कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो : नातीला मे महिन्यात तळ्यात उतरवू नका, नाताळच्या सुट्टीत उतरवा.

तळ्यातल्या पोहण्याचा विषय निघाला, की आपल्याकडे पहिली भीती गारठ्याची वाटते. वास्तविक माणसाला धोका व्हावा इतके गार पाणी गोव्यातल्या तळ्यांत कधीच नसते. पाण्यात पडताच श्वास अडकवणारा थंडीचा धक्का साधारणपणे १५ अंशांखालच्या पाण्यात बसतो, आणि आपल्या वहीतला वर्षातला नीचांक २४ आहे. जलतरण स्पर्धांसाठी तरणतलावाचे पाणी २५ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवतात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत आपले तळे कोणत्याही यंत्राविना त्या मापाच्या अगदी जवळ येते. उलट, नदी-समुद्रासारख्या खुल्या पाण्यातल्या शर्यतींसाठी आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने वरची मर्यादा ३१ अंशांची घातली आहे. पाणी त्याहून गरम असल्यास शर्यत होत नाही. या मर्यादेमागे एक दुःखद घटना आहे. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे १० किलोमीटरच्या शर्यतीत, अतिशय गरम झालेल्या समुद्रात पोहताना फ्रॅन क्रिपन हा २६ वर्षांचा अमेरिकी जलतरणपटू मरण पावला. पोहताना स्नायूंत उष्णता निर्माण होते. जमिनीवर ती घाम वाळताना निघून जाते, पण पाण्यात घाम वाळत नाही, आणि भोवतालचे पाणी त्वचेइतकेच गरम असेल तर त्या उष्णतेला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. आपली नात काही १० किलोमीटर पोहणार नाही, हे मान्य. तरीही शिकाऊ मूल जाणत्या पोहणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक हातपाय मारते आणि पाण्यात असल्यामुळे त्याला तहानेचे भान राहत नाही. ३४ अंशांच्या पाण्यात भर दुपारी ते अर्धा तास राहिले, तर डोके दुखणे आणि मळमळणे ठरलेले आहे.

पण मे महिन्याविषयीचा माझा मुख्य आक्षेप उष्णतेचा नाही. तोपर्यंत तळ्याची जी अवस्था होते, तिच्याविषयी आहे.

आपल्या किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि डोंगराकडे त्याहून बराच अधिक. त्या पावसात तळे भरते ते जांभ्याची लाल माती घेऊनच. आपल्याला जुलैत सकाळ-दुपारचा फरक आढळला नाही, याचे कारण त्या दिवसांत ढग दिवसा ऊन अडवतात आणि रात्री उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. शिवाय वारा पाणी सतत ढवळत राहतो. ऑक्टोबरात ऊन पुन्हा तापते, तळे काठोकाठ भरलेले असते, पण पाण्याचा लालसरपणा अजून गेलेला नसतो. ही माती हळूहळू तळाशी बसते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर तळ्याकडे गेलात, तर पाणी निवळलेले दिसेल.

त्याच सुमारास हवा बदलते. रात्री आभाळ निरभ्र असते आणि घाटाच्या बाजूने कोरडा वारा येऊ लागतो. कोरड्या वाऱ्यात पाण्याची वाफ भराभर होते आणि वाफ होताना ती मागे उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. एक मीटर खोल पाण्यातून केवळ एक मिलिमीटर पाण्याची वाफ झाली, तरी उरलेले सर्व पाणी सुमारे अर्ध्या अंशाने गार होते. हिवाळ्यातल्या पहाटे तळ्यावर धुके तरंगताना आपण पाहिले असेल. हवा पाण्यापेक्षा गार असल्यामुळे वर येणारी वाफ तेथल्या तेथे गोठल्यासारखी दिसते, आणि अशा वेळी पाण्यात उतरल्यास पाणी चक्क कोमट वाटते. गार झालेले वरचे पाणी जड होऊन खाली जाते, खालचे वर येते आणि असे अनेक रात्री चालल्याने संपूर्ण तळे वरपासून तळापर्यंत एकसारखे होते. या उलथापालथीमुळे हवेतला प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो. जानेवारीत तळ्याला कुबट वास येत नाही, त्याचे कारण हेच.

पुढे वायंगणासाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातपिकासाठी, पाणी सोडले जाते आणि पातळी उतरू लागते. मार्चपासून ऊन वाढले, की वरचा थर तापतो आणि हलका होऊन वरच राहतो. येथे पाण्याचा एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे. एक घनमीटर पाणी ४ अंशांवरून ५ अंशांवर गेले, तर ते जेमतेम ८ ग्रॅमने हलके होते. तेच २९ अंशांवरून ३० अंशांवर गेले, तर सुमारे ३०० ग्रॅमने हलके होते. म्हणजे आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात वरच्या आणि खालच्या पाण्यात एका अंशाचा फरक पडला, तरी ते दोन थर एकमेकांत मिसळायला तयार नसतात. आपल्या पायांना मे महिन्यात लागलेला गारवा हा त्या खालच्या थराचा आहे. तेथे नवा प्राणवायू पोहोचत नाही, पाने आणि शेवाळ कुजत राहते, आणि तळाचा चिखल ढवळला की दुर्गंधी सुटते. वरच्या तापलेल्या पाण्यात हिरवे-निळे शैवाल माजते. हिरव्या रंगाचा डबा ओतल्यासारखी साय पाण्यावर दिसली, तर त्या तळ्यात माणसाने उतरू नये आणि जनावरांनाही पाणी पाजू नये, कारण या शैवालाच्या काही जाती यकृताला अपाय करणारे विष तयार करतात.

मी स्वतः आठ-नऊ वर्षांचा असताना मे महिन्यातच गावच्या तळ्यात शिकत होतो. पाणी उतरल्यामुळे काठापासून दहा पावलांवर गुडघाभर चिखल झाला होता. एकदा त्यात दोन्ही पाय रुतले आणि पुढे तोल जाऊन तोंड पाण्यात गेले. बरोबरच्या थोरल्या मुलाने मागून काखेत हात घालून ओढले नसते, तर पाणी कमरेइतकेच असूनही मला वर येता आले नसते. उथळ पाणी सुरक्षित असते, हा समज तेव्हापासून माझ्या मनातून गेला.

नाताळच्या सुट्टीत सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान जावे, म्हणजे वरचे पाणी थोडे तापलेले असते आणि उन्हात अंग लवकर वाळते. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने वाहून नेते, आणि मुलांचे अंग लहान असल्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. म्हणून २५ अंशांच्या पाण्यातही वीस-पंचवीस मिनिटे झाली, की नातीला बाहेर काढावे, आणि ओठ निळसर दिसू लागले किंवा दात वाजू लागले तर त्याआधीच. बांधाकडची खोल बाजू टाळावी आणि आपण स्वतः तिच्यापासून हातभर अंतरावर पाण्यात उभे राहावे.

त्याआधी एक छोटी परीक्षा अवश्य करावी. स्टीलच्या पांढऱ्या रंगवलेल्या ताटलीला मध्यभागी दोरी बांधून ती सपाट राहील अशी पाण्यात सोडावी आणि कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते मोजावे. ती एक मीटरवरही स्पष्ट दिसत असेल, तरच मुलांना उतरवावे. पाणी नितळ असावे असा माझा एवढा आग्रह आहे, याचे कारण दिसण्याची हौस नव्हे : बुडणारे मूल क्वचितच ओरडते, ते मुकाट्याने खाली जाते, आणि गढूळ पाण्यात हातभर खाली गेलेले मूल काठावरच्या दहा माणसांपैकी एकालाही दिसत नाही.

पाण्याची तपासणीही करून घेता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार उघड्यावर सामूहिक स्नानासाठीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे एकूण कोलिफॉर्म जिवाणू ५०० पेक्षा अधिक नसावेत, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. पंचायतीने पुढाकार घेऊन डिसेंबरच्या आरंभी एकदा नमुना तपासून घेतला, तर केवळ आपल्या नातीचीच नव्हे, गावातल्या सगळ्याच मुलांची सोय होईल.

सत्तरी तालुक्यातील एक महाविद्यालयीन विद्यार्थी लिहितो :

आमच्या भागात बंद पडलेल्या चिरेखाणीत वर्षभर पाणी असते. एप्रिलमध्ये आम्ही मित्र वरून उडी मारतो तेव्हा वरचे पाणी गरम, पण दोन पुरुष खाली गेल्यावर एकदम थंडगार लागते. तेथे जमिनीतून झरा येत असेल का?

उत्तर : बहुधा नाही. आपल्या पायांना लागते ते जानेवारीचे पाणी आहे. वर डिचोलीच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे हिवाळ्यात सगळे पाणी एकसारखे गार होते आणि उन्हाळ्यात वरचा थर तापून त्यावर झाकणासारखा बसतो. चिरेखाणीच्या भिंती सरळ उभ्या असल्यामुळे पाण्यापर्यंत वारा फारसा पोहोचत नाही; ऊनही दिवसातले काही तासच पडते. त्यामुळे उघड्या तळ्यापेक्षा तेथे हे थर अधिक पक्के असतात आणि खालचा गारवा उन्हाळाभर टिकतो.

एवढे सांगून थांबलो, तर मी माझे कर्तव्य केले नाही असे होईल. तळ्याला काठ असतो, चिरेखाणीला नसतो. दमलेल्या माणसाला पाय टेकायला उतार लागतो. चिरे कापून काढलेल्या खाणीत भिंत सरळ खोल जाते, पाण्याच्या रेषेवर शेवाळ असते आणि धरायला काहीही नसते. चांगला पोहणाराही अशा ठिकाणी बाहेर पडण्यासाठी भिंतीला नखे लावत दमतो. पाण्याखाली अर्धवट कापलेले चिरे कोठे आहेत, हे वरून दिसत नाही. डिचोली, सत्तरी आणि सांगे भागांतल्या लोहखनिजाच्या बंद खाणींत साचलेले पाणी तर त्याहून कितीतरी खोल आहे. अलीकडच्या पावसाळ्यांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी धबधबे, बंद खाणी, तळी आणि नद्या यांत पोहण्यास मनाई करणारे आदेश काढले आहेत, ते अशा मृत्यूंनंतरच. आपणास आणि आपल्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे, की हे ठिकाण पूर्णपणे सोडावे. पोहण्याची हौस असेल, तर हिवाळ्यात उताराचा काठ असलेले गावचे तळे निवडावे आणि तेथेही उडी मारण्यापूर्वी एकाने चालत जाऊन खोली पाहावी. त्या तळ्यात मगरींचा वावर आहे का, हेही गावातल्या जुन्या माणसांना विचारावे. कुंभारजुवे कालव्यातल्या मगरी सर्वांना ठाऊक आहेत, पण आतल्या भागातले काही जलाशयही त्यांना परके नाहीत.

पेडणे तालुक्यातील एक वाचक विचारतात :

हरमलच्या किनाऱ्यालगत, पालयेच्या बाजूला असलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्यात मी अनेक वर्षे जातो. एप्रिल-मे महिन्यात समुद्रातून निघून तळ्यात शिरले की गार वाटते. जानेवारीत पहाटे मात्र तेच तळे उबदार भासते. समुद्र तर हाकेच्या अंतरावर आहे. मग हा फरक कशामुळे?

उत्तर : हा प्रश्न मला विशेष आवडला, कारण त्यात दोन वेगळ्या पाण्यांच्या दोन वेगळ्या सवयी एकाच ठिकाणी भेटतात.

आपल्याकडचा समुद्र सर्वांत गरम असतो तो मोसमी पावसाच्या तोंडावर, एप्रिल-मे महिन्यात. तेव्हा त्याच्या पृष्ठभागाचे तापमान ३० अंशांच्या आसपास पोहोचते. पावसाळ्यात ढग, जोराचा वारा आणि खालून वर येणारे गार पाणी यांमुळे तो उतरून ऑगस्टमध्ये २७ अंशांच्या जवळ येतो. हिवाळ्यात तो २८ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे वर्षभरात समुद्राचा फरक जेमतेम तीन-चार अंशांचा.

तळ्याला पाणी मिळते ते डोंगरातल्या झऱ्यांचे. जमिनीखाली काही मीटरवर दिवसरात्रीचा आणि ऋतूंचाही फरक पोहोचत नाही, म्हणून भूजलाचे तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीइतके राहते. पणजीची वार्षिक सरासरी सुमारे २७ अंशांची आहे, तेव्हा झऱ्याचे पाणीही वर्षभर त्याच्याच जवळपास असते. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट, हा आपल्या सर्वांच्या घरचा अनुभव यामुळेच. मे महिन्यात आपण ३० अंशांच्या समुद्रातून निघून झाडांच्या सावलीतल्या, झऱ्याने पोसलेल्या पाण्यात शिरता, म्हणून ते गार वाटते. जानेवारीच्या पहाटे हवा २० अंशांवर उतरलेली असते. तिच्यातून आलेल्या अंगाला झऱ्याजवळचे पाणी उबदारच लागणार. त्या दिवशी समुद्र तळ्याहून थंड नसतो, पण ओल्या अंगावर किनाऱ्याचा वारा लागतो आणि दोष मात्र समुद्राला जातो. आपण तापमापक घेऊन झऱ्याच्या मुखाशी, तळ्याच्या मध्यभागी आणि समुद्रात एकाच सकाळी मोजून पाहावे. झऱ्याचा आकडा मे आणि जानेवारी या दोन्ही महिन्यांत जवळजवळ सारखाच निघेल, असे मी खात्रीने सांगतो.

सांगे येथील एक आई लिहितात :

केरळमध्ये तळ्यात आंघोळ केलेल्या मुलांना मेंदूचा आजार झाल्याच्या बातम्या वाचल्यापासून मी माझ्या मुलाला तळ्यावर पाठवणे बंद केले आहे. माझे चुकते का? पावसाळ्यात लेप्टोचीही भीती वाटते.

उत्तर : ताई, आपली काळजी योग्य आहे, फक्त ती कशाची करावी आणि कशाची करू नये, हे नीट समजून घेऊ या.

केरळमध्ये २०२४ साली अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आणि त्यांत मुलांचे मृत्यू झाले. त्याच वर्षी कोझिकोड जिल्ह्यातील १४ वर्षांचा एक मुलगा वेळेवर निदान आणि उपचार झाल्यामुळे वाचलाही. या आजारास कारण होणाऱ्या अमिबांपैकी सर्वाधिक परिचित असलेला नेग्लेरिया फाउलेरी हा गोड्या, गरम पाण्यात आणि तळाच्या गाळात राहतो. पाणी जितके उबदार, तितकी त्याची वाढ अधिक. तो पोटातून शरीरात जात नाही. नाकात जोराने पाणी शिरले, तर तेथून मेंदूपर्यंत पोहोचतो. म्हणून मुलाने तळ्याचे पाणी गिळले याची या आजाराच्या दृष्टीने भीती बाळगू नये, पण उथळ, तापलेल्या, गाळ ढवळलेल्या पाण्यात उड्या मारणे आणि डोके बुडवणे टाळावे. हा आजार अत्यंत विरळा आहे, परंतु झाला तर बहुधा प्राणघातक ठरतो. पोहल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांच्या आत ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा मान ताठ होणे यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि ‘मूल तळ्यात पोहले होते’ हे वाक्य आपणहून सांगावे. डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नये.

लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, मार्ग वेगळा आहे. उंदरांच्या आणि गुराढोरांच्या मूत्रातून त्याचे जंतू पाण्यात येतात आणि अंगावरच्या जखमांतून, खरचटलेल्या त्वचेतून, तसेच डोळे-तोंडातून शरीरात शिरतात. पावसाळ्यात शेत, गोठा आणि रस्ता यांवरून वाहिलेले पाणी तळ्यातच येऊन मिळते. म्हणून जून ते सप्टेंबर तळे बंद, आणि पायाला जखम असेल तर एरवीही बंद, असा सरळ नियम घरात करावा.

आपण मुलाला पाठवणे बंद केले, यात चुकले असे मी म्हणणार नाही. तरीही तळ्याच्या सोबतीने राहणाऱ्या मुलाला पोहता येत नसणे हाही एक धोकाच आहे, आणि आकड्यांनी पाहिले तर तो या दोन्ही आजारांहून मोठा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, पाणी गार आणि निवळलेले असताना, मोठ्या माणसाच्या सोबतीने त्याला जरूर पाठवावे.

कुडतरी येथील एक शेतकरी विचारतात :

पहिल्या मोठ्या पावसानंतर आमच्या तळ्यातले मासे पहाटे तोंड वर काढून पृष्ठभागावर येतात, काही मरतातही. पावसाच्या गार पाण्याने त्यांना थंडी बाधते, असे येथे म्हणतात. ते खरे आहे का? आणि अशा वेळी पाण्यात उतरावे का?

उत्तर : थंडी बाधते असे नाही. थोडा हिशेब केला, तर ते ध्यानात येईल. एक मीटर खोल तळ्याचे पाणी ३१ अंशांवर आहे आणि त्यावर २४ अंशांचा १०० मिलिमीटर पाऊस थेट पडला, असे धरले, तर मिसळल्यावर तळ्याचे तापमान जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशाने उतरते. तळे खऱ्या अर्थाने गार होते ते ढगांमुळे ऊन थांबल्यावर आणि डोंगरउतारावरचे पाणी वाहून आल्यावर.

मासे गुदमरतात ते वेगळ्या कारणाने. ३० अंशांच्या पाण्यात मुळातच लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २० अंशांच्या पाण्यात तो नऊच्या वर मावतो. उन्हाळाभर तळाशी अडकलेला, प्राणवायू संपलेला थर वादळी पावसाने एका रात्रीत वर येतो आणि सगळ्या पाण्यात मिसळतो. रात्री शैवालही प्राणवायू तयार न करता वापरतच राहते, म्हणून पहाटे टंचाई सर्वाधिक असते. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढून येणारे मासे जोमाने उसळत असतात आणि गुदमरलेले मासे जागच्या जागी तोंडाची उघडझाप करतात. या दोहोंतला फरक आपल्यासारख्या जाणकाराला सांगण्याची गरज नाही. असे पाणी माणसाला लगेच विषारी ठरत नाही, पण त्यात तळाची घाण मिसळलेली असते. त्या आठवड्यात पाण्यात उतरू नये आणि मेलेले मासे खाऊ नयेत.

मडगाव येथील एक वाचक विचारतात :

समुद्रात मी सहज तासभर पोहतो, पण तळ्यात पंधरा मिनिटांत दमतो. पाणी गरम असल्यामुळे असे होते का?

उत्तर : उष्णतेचा वाटा आहेच, पण मुख्य कारण मिठाचे आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी जड असते. आपले वजन ६० किलो धरले, तर समुद्र आपणास तळ्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन किलो अधिक उचलून धरतो. तळ्यात तेवढा भार हातापायांनी पेलावा लागतो. समुद्रातल्या सरावावर विसंबून तळ्याच्या मध्यापर्यंत एका दमात जाऊ नये, काठाला समांतर पोहावे.

केपे तालुक्यातील एका वाचकाने नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीविषयी विचारले आहे : तेथे सतत बुडबुडे येतात, म्हणजे पाणी उकळते का, आणि त्यात पोहता येईल का?

उत्तर : पाणी उकळत नाही, तळातून वायू वर येतो, त्याचे ते बुडबुडे आहेत. उन्हवरे, तुरळ, राजवाडी येथे रत्नागिरी जिल्ह्यात आहेत तशा गरम पाण्याच्या कुंडांत या तळीची गणना करू नये. ती देवळाची तळी आहे. तेथे पायरीवर बसून पाहावे, पोहण्याचा विचार करू नये.

फोंडा येथील शाळेतल्या नववीच्या विद्यार्थिनी विचारतात :

आम्हाला विज्ञानाच्या प्रकल्पासाठी तळ्याच्या खालच्या थराचे तापमान मोजायचे आहे. तापमापक वर काढेपर्यंत आकडा बदलतो. काय करावे?

उत्तर : जाड काचेची एक लिटरची बाटली घ्या. तिच्या गळ्याला मजबूत दोरी बांधा आणि खाली दगड बांधून ती बुडेल इतकी जड करा. तोंडाला सैलसर बूच लावा आणि त्याला दुसरी बारीक दोरी बांधा. मोठ्या दोरीवर प्रत्येक अर्ध्या मीटरवर गाठ मारा, म्हणजे खोली मोजता येईल. बाटली हव्या त्या खोलीपर्यंत सोडली, की बारीक दोरीला झटका देऊन बूच काढा. बुडबुडे येणे थांबले म्हणजे बाटली भरली. तरीही तीन-चार मिनिटे ती तेथेच राहू द्या, कारण काचेलाही त्या पाण्याचे तापमान यायला वेळ लागतो. मग भराभर वर ओढून लगेच तापमापक आत घाला; लिटरभर पाण्याचे तापमान अर्ध्या मिनिटात फारसे बदलत नाही. सकाळी सात आणि दुपारी तीन अशा दोन वेळा निवडा, कारण पाणी सर्वांत गार सूर्योदयाच्या सुमारास आणि सर्वांत गरम तिसऱ्या प्रहरी असते. प्रत्येक नोंदीपुढे आभाळ कसे होते, वारा होता की नव्हता आणि पांढरी ताटली किती खोलीपर्यंत दिसली, हेही लिहा. हे सारे काम काठावरून किंवा बांधावरून, शिक्षकांच्या उपस्थितीत करा, आणि बाटली अडकली तर ती सोडविण्यासाठी कोणीही पाण्यात उतरू नका. दोरी कापून टाका.